बुधवारची वनशाळा आणि पिराजीचा बोकड

राजारामपुरी, कोल्हापूर
पौष वद्य, शनिवार

ती. तात्यासाहेब यांच्या सेवेशी,

आपला मेहुणा अण्णाप्पा याचा दोन्ही हात जोडून जयजिनेंद्र. आपला खोकला आता कसा आहे? भट्टीच्या धुरात बसू नका असे डॉक्टरांनी सांगितले असूनही आपण बसतच असणार, कारण कारागिरांवर नजर ठेवल्याशिवाय पैंजणाची कडी नीट जुळत नाही असे आपले मत आहे, आणि आपले मत डॉक्टर बदलू शकतील असे मला वाटत नाही. आपल्या मातोश्री अव्वांच्या गुडघ्यांना आराम असावा. वहिनीसाहेबांना नमस्कार. लग्नसराई जवळ आल्यामुळे हुपरीत सध्या घरोघरी ठोकाठोक चालू असेल.

इकडील सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी एकटाच असल्यामुळे जे काही क्षेम आहे ते माझ्यापुरतेच आहे. मला भात करता येतो आणि पिठले करता येते, एवढे आपणांस कळवले म्हणजे माझ्या प्रकृतीविषयी वेगळे लिहायला नको.

आपली धाकटी बहीण अक्काताई, आमची अरुणा आणि एक बोकड अशी तिघे गेल्या आठवड्यापासून आपल्याकडे आहेत. ती का आली हे अक्काताईने सांगितलेच असेल. पण तिचा स्वभाव आपण जाणता. चार शब्दांत काम होत असेल तर ती पाचवा खर्च करत नाही, आणि त्यामुळे माझ्या बाजूचा बराचसा भाग सांगायचा राहून गेला असणे शक्य आहे. हुपरीत चांदीच्या व्यवहारातली कित्येक भांडणे आपण दोन्ही बाजू ऐकून मिटवली आहेत. म्हणून ही दुसरी बाजू. लांबली तर क्षमा असावी, मी मास्तर आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी शिक्षकांच्या एका शिबिराला गेलो होतो (आपण तेव्हा म्हणाला होता, सुट्टीत तरी गप बसा की). तिथे एका मोठ्या विद्वानांचे व्याख्यान झाले. अरण्य हीच बालकाची खरी शाळा, असा विषय होता. मूल चार भिंतींत कोमेजते आणि झाडाखाली फुलते, पाने-फुले न्याहाळून त्याची निरीक्षणशक्ती वाढते, ओढा ओलांडला की स्वावलंबन येते, मुक्या जीवांच्या सहवासात राहिले की भूतदया येते, असे ते दुपारभर सांगत होते. हे व्याख्यान एका दिवाणखान्यात झाले आणि त्याच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, कारण बाहेर झाडावर कावळे फार ओरडत होते. आत इतके उकडत होते की अरण्याची ओढ आम्हा सर्वांनाच लागली. माझ्या तर डोळ्यांत पाणी आले. (बाजूचे एक गृहस्थ म्हणाले की तो घाम आहे. पण ते गणिताचे शिक्षक होते.)

परत आल्यावर मी ही योजना आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्र्यंबकराव यांच्यापुढे मांडली. त्र्यंबकराव गुळाचे अडते. शिक्षणाशी त्यांचा संबंध असा की शाळेची इमारत त्यांच्या वडिलांनी बांधलेली आहे. मी दर बुधवारी चौथीचा वर्ग दिवसभर रानात न्यावा म्हणतो, असे सांगितले आणि नकाराची तयारी ठेवली. त्र्यंबकरावांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे वर्ग दिवसभर रिकामा राहणार?” मी होय म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, “बुधवारच का? पुढंमागं रोज न्या की.” तात्यासाहेब, शिक्षणाविषयी इतकी तळमळ मी संस्थाचालकांत कधी पाहिली नव्हती. मी घरी येऊन अक्काताईला तसे सांगितलेही. ती ज्वारी निवडत होती. तिने विचारले, “गुळाचा हंगाम कधी सुरू होतोय?” मला त्या प्रश्नाचा संबंध तेव्हा लागला नाही. हंगाम ऐन भरात आला, त्र्यंबकरावांचे गोदाम भरून वाहू लागले आणि माझी योजना मंजूर झाल्याचा निरोप त्याच आठवड्यात आला. आज आमच्या चौथीच्या वर्गात छपरापर्यंत गुळाचे रवे, ढेपांवर ढेपा, रचलेले आहेत. फळ्यावर मी स्वतःच्या हाताने ‘निसर्ग हाच गुरू’ असे लिहिले होते, ते त्या रव्यांच्या मागे सुरक्षित आहे.

कात्यायनीच्या डोंगरापलीकडे एक राई आहे. ऐन, हिरडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या, खाली एक ओढा. जागा मी आधी जाऊन पाहून आलो. मग पालकांना सूचना पाठवली. ती सूचना माझ्या मते अतिशय सोप्या मराठीत होती. ‘वनशाळेसाठी पालकांनी यथाशक्ती साहित्य पुरवावे, आणि इच्छा असल्यास मुलांसोबत यावे.’ या एका वाक्याने पुढचे सगळे घडले. यात चूक कुठे आहे ते मी अजूनही शोधतो आहे.

बुधवारी सकाळी शाळेपुढे मुले जमली आणि मुलांपेक्षा जास्त पालक जमले. इच्छा असल्यास, असे मी लिहिले होते आणि इच्छा सर्वांनाच होती. कोणी सतरंज्या आणल्या, कोणी पानाचे डबे आणले, एका वकिलांनी आरामखुर्ची आणली. गाड्या पिराजी पैलवानांनी दिल्या. पिराजी म्हणजे माझ्या वर्गातल्या हौसाचे वडील. म्हशींचा मोठा गोठा आहे, तालमीत नाव आहे आणि मन इतके मोकळे की मागितले एक तर देतात चार. गाड्या तर त्यांनी दिल्याच, वर आपल्या गाडीच्या मागे एक पांढरा-तांबडा बोकड बांधून आणला. मी विचारले, हा कशासाठी? पिराजी म्हणाले, “तुमीच लिवलं न्हवं का, यथाशक्ती म्हनून. आमची शक्ती एवढी.” मला गहिवरून आले. पुस्तकातले चित्र दाखवून रवंथ शिकवणे वेगळे आणि जिवंत प्राणी समोर असणे वेगळे, हे एका तालीमबाजाला कळावे आणि आमच्या हेडमास्तरांना कळू नये, असा विचार माझ्या मनात आला. तो मी शेजारी बसलेल्या अक्काताईला बोलूनही दाखवला. अक्काताई अरुणासाठी म्हणून आली होती (“पोरीला रानात एकटी सोडणार न्हाई”, असे तिचे म्हणणे, जणू मी म्हणजे कोणीच नाही). तिने बोकडाकडे बघितले, मग गाडीतल्या मोठ्या तांब्याच्या हंड्याकडे बघितले.

राईत पोचल्यावर माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला पाठ झाला, हे मी कोणापुढेही सांगायला तयार आहे. प्रथम मी मुलांना ओढ्याकाठची खाजकुयलीची वेल दाखवली. शेंगा वाळून अगदी तयार होत्या. लव अंगाला लागली तर काय होते ते सांगितले आणि लांबूनच ओळखायला शिकवले. (पालक मंडळी त्या वेळी सतरंज्यांवर पाने जमवत होती.) मग पालकांनी आणलेले साहित्य मांडले. कांदे होते, लसूण होती, आले आणि ओली हळद होती, नारळ होते, तीळ, खसखस आणि सुक्या मिरच्यांचा ढीग होता. कंद, खोड, फळ आणि बी असे चारही प्रकार इतके व्यवस्थित आणलेले पाहून मी थक्क झालो. कांदा-लसूण आपल्यात शिवत नाहीत, म्हणून ते मी काठीने दाखवले, पण शिकवण्यात कसर ठेवली नाही. पिराजींच्या पोत्यातून एक लांबट काळा दगड निघाला, एका बाजूने गुळगुळीत झिजलेला. तो मी हातात घेऊन खडकाची झीज कशी होते ते समजावून सांगितले. आता आपल्या ध्यानात आले असेल. माझ्या आले नव्हते.

मग बोकड. मुले त्याच्याभोवती बसली. त्याच्या पोटाला चार कप्पे असतात, आधी घाईने चारा आत टाकतो आणि मग निवांत बसून पुन्हा चावतो, हे मी सांगत होतो आणि तो माझ्या शेजारी बसून ते करून दाखवत होता. मुलांनी त्याला जांभळीचा पाला घातला, कान धरून पाहिले, खुराची दोन बोटे मोजली. हौसाने पोटाला कान लावला आणि आत गुडगुड वाजतंय असे सांगितले. मग सगळ्यांनी रांगेने कान लावला. त्याची दाढी आणि मान हलवण्याची पद्धत पाहून कोणीतरी त्याचे नाव हेडसर असे ठेवले. (मी हसलो नाही. निदान आवाज केला नाही.) शिबिरातल्या विद्वानांनी हे दृश्य पाहायला हवे होते, असे मला फार वाटले.

इतक्यात त्र्यंबकराव मोटारीतून आले. सोबत फोटोग्राफर होता. फोटो निघाला. त्यात मी, मुले, बोकड आणि मागे दगडांच्या चुलीवर चढवलेला हंडा असे सर्व आले आहे. फोटो निघताच पिराजी आले आणि मला बाजूला घेऊन अगदी अदबीने म्हणाले, “मास्तर, तुमचा धडा झाला आसंल तर बोकड द्या आता. ऊन चढाय लागलंय. शिजाय येळ लागतोय.” मी विचारले, काय शिजायला? पिराजींनी माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिले की मला ऊन लागले असावे असे त्यांना वाटले असणार.

बोलणे हळू आवाजात झाले, पण पैलवानाचा हळू आवाज हौसाने ऐकला. तिने येऊन बापाला सरळ विचारले, आणि पिराजी खोटे बोलत नाहीत. पुढच्या क्षणाला चौथीच्या वर्गाने बोकडाभोवती हातात हात धरून कडे केले. हौसा म्हणाली, “ह्यो हेडसर हाय. ह्येला कापायचं न्हाई.” स्वातंत्र्यदिनाच्या नाटकात याच मुलांनी सत्याग्रह केला होता आणि तो मीच बसवला होता. नाटकात कोणाचेही पाठांतर झाले नव्हते. इथे एकजणही चुकला नाही.

पालक मंडळी आधी हसली. मग हंड्यातले पाणी उकळू लागले आणि हसणे थांबले. सकाळपासून रानवाऱ्यात बसलेली माणसे, त्यात कोल्हापूरची, आणि पलीकडे कोणीतरी खोबरे भाजायला घेतले होते. आरामखुर्चीतले वकील म्हणाले की मुलांना शिस्त नाही, हा शाळेचा दोष आहे. त्र्यंबकरावांनी मला मोटारीपाशी नेले. म्हणाले, “मास्तर, तुमची पोरं, तुमचं ऐकतील. त्यांना शास्त्रीय पद्धतीनं समजावा. पुढच्या बैठकीत तुम्हाला कायम करायचा विषय आहे, लक्षात आहे ना?” हे त्यांनी धमकी म्हणून म्हटले नाही. खांद्यावर हात ठेवून म्हटले. त्यामुळे जास्त अवघड झाले.

इथून पुढची हकिकत अक्काताईने आपणांस कशी सांगितली असेल याची मला कल्पना आहे. म्हणून मी ती जशी घडली तशी लिहितो. मी एका खडकावर उभा राहिलो आणि व्याख्यान दिले. बोकड कापा, असे मी एका शब्दानेही म्हटले नाही. मी एवढेच सांगितले की निसर्गात एक जीव दुसऱ्या जीवावर जगतो, वाघ हरणाला खातो, घार उंदराला खाते, कोळी माशीला खातो, आणि त्यात दुष्टपणा नसून सृष्टीचा समतोल आहे. दृष्टांत भरपूर दिले. बोलताना मला जाणवले की आपण चांगले बोलतो आहोत. पालक टाळ्या वाजवत होते. त्र्यंबकराव मान डोलावत होते. कड्यातली एक-दोन मुले खाली बघायला लागली आणि त्यांचे हात सुटायला आले.

तेव्हा हौसाने विचारले, “मास्तर, मगाशी तुमी म्हनला की ह्येला चार कप्प्यांचं पोट हाय, नीट ध्यानात ठेवा. मग आता ते रश्शात बघायचं का?” मी म्हणालो, हा प्रश्न नंतर घेऊ. मग अरुणा उठली. तिने काही मुद्दाम केले नाही, तात्यासाहेब, तिला खरेच कळत नव्हते. ती म्हणाली, “आप्पा, मग आपल्या घरात आपण पाणीसुद्धा गाळून का पितो?”

मी उत्तर देणार होतो. माझ्याजवळ उत्तर होते, आणि ते असे होते की व्यक्तीचा धर्म वेगळा आणि शास्त्र वेगळे. पण अक्काताई झाडाखालून उठली. पदर खोचला, मुलांच्या कड्यातून आत गेली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “झालं का बोलून?” मग तिने बोकडाच्या गळ्यातली दोरी सोडली. एवढ्या लोकांत कोणाची हिंमत झाली नाही तिला अडवायची. पिराजी तर दोन पावले मागे सरले. (नंतर मला म्हणाले, “बाईमानसाच्या डोळ्यात तसलं बघितलं की म्या आखाड्याबाहेर.”)

दोरी सुटली तरी बोकड जागचा हलला नाही. तो रवंथ करत होता. प्रसंगाचे गांभीर्य त्याच्या पोटात अजून कुठल्याच कप्प्यात गेले नव्हते. पण वकिलांनी खुर्चीतून उठून त्याला धरायला हात घातला आणि बोकड उधळला. आधी हंड्याला धडकला, मग ओढ्यात उतरला आणि पलीकडच्या झाडीत नाहीसा झाला. झाले, सगळे पालक त्याच्या मागे. धोतरे वर खोचून, कोणी काठ्या घेऊन, कोणी चपला हातात घेऊन. मीही धावलो. का धावलो, हे मला सांगता येणार नाही. पुढारीपण करणारे सर्व त्या दिशेने गेले, म्हणून मी त्या दिशेने गेलो.

वनशिक्षणाचा लाभ काय, असे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी त्या दिवशी ओढ्यापलीकडे यायला हवे होते. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने खाजकुयलीला हात लावला नसता. पालकांपैकी एकालाही ती ओळखू आली नाही. सगळे त्या वेलींतून सरळ आरपार गेले आणि मी त्यांच्या पाठोपाठ, कारण माझे लक्ष खाली नव्हते. पुढची घटका कशी गेली ते लिहवत नाही. प्रतिष्ठित माणसे झाडाच्या बुंध्याला पाठ घासत होती. वकील ओढ्यात बसून राहिले. त्र्यंबकरावांनी अंगरखा काढून करवंदीच्या जाळीवर टाकला, आणि पुन्हा उचलायला गेले तेव्हा त्यांना काटेही लागले. कुणाला वाट सापडेना. जो तो दुसऱ्याला हाका मारत होता आणि ओ देणाऱ्यालाही आपण कुठे आहोत हे माहीत नव्हते. बोकड कोणालाही दिसला नाही.

दिवस कलताना आम्ही कसेबसे राईत परत आलो. चूल विझलेली, हंडा पालथा घातलेला, साहित्य पोत्यात नीट भरून ठेवलेले. मुले नव्हती आणि गाड्या नव्हत्या. पिराजी तेवढे धावायला गेलेच नव्हते. ते हंड्यावर बसून होते. त्यांनी सांगितले की बाईंनी मुलांना भाकरी वाटून दिली, हजेरी घेतली, गाड्यांत बसवले आणि गाडीवानांना कोल्हापूरला हाकायला सांगितले. मी विचारले, आणि बोकड? पिराजी म्हणाले, “त्यो व्हय? त्यो मागनं वळसा घालून भाकरीच्या वासानं आला, आनि पोरांबरुबर गाडीत चडला.” आम्ही सर्व चालत गावात आलो. त्र्यंबकरावांच्या मोटारीत जागा होती, पण त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हते, अंगरख्यावर लव होती.

घरी आलो तेव्हा अक्काताईने गाठोडे बांधून ठेवले होते. मी अंग खाजवत दारात उभा. तिने आधी खोबरेल दिले, मग हळद लावायला सांगितली, मग म्हणाली, “तुमी भाषण झ्याक देता. आमी काय ते ऐकणाऱ्यातलं न्हवं.” दुसऱ्या दिवशी गूळ उतरवून परत जाणारी आपल्या गावची एक बैलगाडी तिने गाठली (एस.टी.त बोकडाला घेत नाहीत, हे कंडक्टरने तिला नीटच सांगितले होते) आणि त्या दोघी बोकडासह गेल्या. अरुणाने जाताना माझ्याकडे वळून पाहिले. काही बोलली नाही. ती मुळात बोलकी पोर आहे, हे आपण जाणताच.

त्यानंतर शाळेत काय चालले आहे तेही कळवतो. चौथीची मुले वर्गात बसत नाहीत. वर्गात गूळ आहे हे एक कारण, पण हेडमास्तरांनी दिलेल्या दुसऱ्या खोलीतही ती जात नाहीत. गावात आणल्यावर मोठ्यांनी बोकडाला कापून खाल्ले आणि हुपरीची गोष्ट बनवून सांगितली, असे त्यांना वाटते. पटांगणातल्या निंबाखाली बसतात आणि हेडसर दाखवा मग पाढे म्हणू, असे म्हणतात. ते ऐकून खऱ्या हेडमास्तरांना प्रत्येक वेळी दचकायला होते. त्र्यंबकराव मात्र प्रसन्न आहेत. मुले उघड्यावर बसताहेत म्हणजे वनशाळा कायमची रुजली, असे त्यांनी अहवालात छापले आणि तो फोटोही छापला (हंडा कापून). मला कायम केले. एवढेच नव्हे तर उद्या रविवारी दुपारी शहरातल्या शिक्षकांचा मेळावा आहे, त्यात ‘वनशिक्षणाचे मुलांना होणारे लाभ’ या विषयावर मुख्य व्याख्यान माझे आहे. कोट धुऊन इस्त्री करून ठेवला आहे.

त्या व्याख्यानाची टिपणे काढायला मी परवा बसलो होतो. निरीक्षण, स्वावलंबन, भूतदया. खरे सांगायचे तर विद्वान म्हणाले ते सगळे एका दुपारी मुलांच्या अंगी आले. इतके लवकर येईल असे मला वाटले नव्हते. मुलांच्या अंगी ते आले म्हणजे मास्तराने काय करायचे असते, हे शिबिरात कोणी सांगितले नव्हते. बाकी टिपणे झाली नाहीत.

असो. माझे काही मागणे नाही. दोन्ही बाजू आपल्यापुढे असाव्यात म्हणून लिहिले. सर्वांना यथायोग्य.

आपला नम्र,
अण्णाप्पा मगदूम

ता. क. बोकडाची खुशाली कोणाबरोबर तरी कळवावी. चौथीचा वर्ग त्यावर अडला आहे. शक्य झाल्यास अरुणाच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी असावी. माझा शब्द ती मुले धरत नाहीत.

ता. क. हळदीचा डबा सापडत नाही. अक्काताईला माझ्याविषयी काही विचारू नये, पण डब्याविषयी विचारावे. डब्याविषयी सांगताना ती आणखी काही बोलली तर तेही कळवावे.

ता. क. वरचे लिहून झाले आणि पिराजी पैलवान आले. मला वाटले, बोकडाचे बोलणे काढणार. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, “मास्तर, हौसा माझ्याशी बोलंना झालीया. घास घिईना. तुमची पोरगी बोलती का तुमच्यासंगं?” मी म्हणालो, ती हुपरीत आहे. ते म्हणाले, “तेच की. मग हितं बसून काय करताय? उद्याच्या एस.टी.नं जाऊ. हौसाला बी घिऊ. तिला बोकड दावतो आनि तुमी तुमचं काय आसंल ते बघा.” मी त्यांना सांगितले की उद्या माझे व्याख्यान आहे. पिराजी म्हणाले, “मागलं झालं तेवढं लई झालं.”

ता. क. रविवार. हे पत्र पोस्टात टाकलेले नाही. मेळावा सुरू होऊन गेला असेल. त्र्यंबकरावांनी मोटार माझ्या घरी पाठवली असेल आणि दाराला कुलूप असेल. मी हुपरीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो आहे आणि हे पत्र पिराजींच्या हाती देतो आहे. हौसा त्यांच्यासोबत आहे, तिला आधी गोठ्याकडे जाऊ द्यावे. पत्र आपण एकट्याने वाचावे, अगर अक्काताईला वाचून दाखवावे, जसे योग्य वाटेल तसे. मला आत घेण्याजोगे वाटले तर पिराजींबरोबर नुसते ‘ये’ एवढे सांगावे. नाही वाटले तर सांजच्या गाडीने मी परत जाईन, काही म्हणणार नाही. फक्त ‘ये’ असेल तर जरा लवकर सांगावे. सकाळपासून पोटात काही नाही, दिवस मावळायला आला आहे, आणि दिवस मावळल्यावर आपल्या घरी पान वाढत नाहीत.